दिग्गजांच्या संघात आधी सहा नंबर भरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मित्रांनी मिळून सर्वकालीन फुटबॉलपटूंचा ड्राफ्ट केला, म्हणजे आळीपाळीने नावं उचलली, प्रत्येकाला पंधरा. प्रश्नकर्त्याने आपला संघ ४-३-३ मध्ये लावलाय: गोलमध्ये याशिन, बचावात काफू, बेकेनबाऊर, माल्दिनी, रॉबर्टो कार्लोस, मध्ये झिदान, मॅराडोना, क्रॉयफ, पुढे गारिंशा, ब्राझीलचा रोनाल्डो आणि पेले. बाकावर देसायी, राइकार्ड, नीस्केन्स आणि गर्ड म्युलर. समोरच्याचा संघ ४-४-२: झॉफ, थुराम, बारेसी, कन्नावारो, फाकेत्ती, जैरझिन्यो, मथायस, फाल्काव, हेन्तो, पुढे पुस्कास आणि व्हॅन बास्टेन. सामना कागदावरच व्हायचाय. बाकीचे मित्र दोघांचे डावपेच वाचून निकाल देणार. विचारणा अशी की हे अकरा जण कसे खेळवू, आणि वरूनच प्रेसिंग लावू का, म्हणजे समोरच्याच्या अर्ध्यातच चेंडूसाठी दाब टाकू का?

स्पष्ट सांगतो, हे अकरा जण खेळवू नका. नावांत तुमचा संघ सरस आहे, पण मैदानावर समोरचा जिंकेल. पोरांना शिकवताना मी एक साधी तपासणी करतो, तीच इथे लावून बघा. आपला हल्ला सुरू आहे आणि समोरच्याच्या बॉक्सपाशी चेंडू गेला. त्या क्षणी चेंडूच्या मागे आपले किती जण आहेत? काफू वर गेलाय, कार्लोस वर गेलाय, बेकेनबाऊर सवयीनेच चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडून गेलाय. झिदान, मॅराडोना, क्रॉयफ तिघेही चेंडूच्या आसपास, कारण तिघांनाही तो पायात हवा असतो. उरला एकटा माल्दिनी, आणि त्याच्या अंगावर पुस्कास आणि व्हॅन बास्टेन, बगलेतून सुसाट हेन्तो. माल्दिनी कितीही मोठा असला तरी तिघांना एकटा कसा अडवणार?

गंमत म्हणजे इलाज तुमच्याकडेच आहे, फक्त तुम्ही तो बाकावर बसवलाय. अशा ड्राफ्टमध्ये लोक दहा नंबर (खेळ रचणारा) आणि नऊ नंबर (गोल मारणारा) आधी उचलतात, सहा नंबर, म्हणजे बचावापुढे जागा धरून राहणारा, शेवटी. तुम्ही राइकार्ड उचललात, हेच मोठं काम केलंत. आता त्याला खेळवा.

रेयाल माद्रिदचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. २००२ मध्ये झिदानने लेव्हरकुसेनविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो डाव्या पायाचा व्हॉली मारला, तेव्हा मधल्या फळीत सहा नंबरचं काम करायला माकेलेले होता. २००३ च्या उन्हाळ्यात बेकहॅम आला आणि माकेलेले चेल्सीला गेला. पुढच्या हंगामात तोच तारांगणासारखा संघ शेवटचे पाचही लीग सामने हरला आणि चौथ्या क्रमांकावर घसरला. पॅरिसच्या पीएसजी क्लबचंही तेच. मेस्सी, नेमार, एम्बाप्पे एकत्र असताना दोन्ही हंगामांत चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांतच गारद. तिघेही गेल्यावर, २०२५ मध्ये, त्याच क्लबने अंतिम सामन्यात इंटरला ५-० हरवलं.

यावर हमखास येणारा प्रतिवाद म्हणजे १९७० चा ब्राझील. पेले, टोस्टाव, जेर्सन, रिव्हेलिनो, जैरझिन्यो, सगळे दहा नंबरच्या धाटणीचे, आणि तरी विश्वविजेते. बरोबर आहे. पण त्या संघाचं उरलेलं अर्धं बघा. मध्ये क्लोडोआल्डो जागा धरून होता. डावा फुलबॅक एव्हराल्डो फारसा वर जायचाच नाही, म्हणून उजवीकडून कार्लोस अल्बर्टोला मोकळीक मिळाली. सेंटर बॅक पियाझा मुळात मधल्या फळीतला, म्हणजे मागून चेंडू नीट बाहेर काढणारा. आणि प्रशिक्षक होता झगालो. हा माणूस १९५८ आणि १९६२ मध्ये स्वतः ब्राझीलचा डावा विंगर होता आणि चेंडू गेला की मधल्या फळीत मागे यायचा. ४-२-४ चं ४-३-३ व्हायचं ते त्याच्या पायांमुळे. पलीकडच्या बगलेत गारिंशा मनाला येईल ते करू शकला, त्याचा हिशेब इकडे झगालो चुकता करत होता. तुमच्या संघात प्रत्येक मोठ्या नावापुढे हाच प्रश्न लिहा: याचा हिशेब कोण चुकवणार?

संघ सांगण्याआधी दोन गोष्टी मित्रांशी ठरवून घ्या, नाहीतर निकालाच्या वेळी भांडण ठरलेलं.

पहिली, नियम कोणत्या काळातले? आपल्या खेळाडूने पायाने दिलेला पास गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ चा. याशिनची सगळी कारकीर्द त्याआधीची. तो गोल सोडून बाहेर येण्यात काळाच्या पुढे होता, गोलरक्षकांत वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर मिळालेला तो एकटाच, १९६३ मध्ये. पण प्रेसिंगखाली पायाने खेळ उभारायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. त्याने चेंडू अडवायचा आणि हाताने लांब फेकायचा. उलट बाजूने, मागून घातलेल्या धोकादायक टॅकलवर १९९८ पासून कडक कारवाई होऊ लागली. आजचे नियम लावले तर मॅराडोनाला जे संरक्षण मिळेल ते त्याला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. १९८३ मध्ये बिल्बाओच्या गोइकोएचेआने मागून घातलेल्या टॅकलने त्याचा घोटा मोडला होता. म्हणून आजचेच नियम मागा. तुमचा फायदा आहे.

दुसरी, खेळाडू कोणत्या वर्षातला? नुसतं 'पेले' लिहिलंत तर वाचणारा सतरा वर्षांचा पोरगा डोळ्यांसमोर आणेल. तुम्हाला हवा १९७० चा, जो मागे उतरून खेळ वाचतो आणि न बघता पास सोडतो. मॅराडोना १९८६ चा, क्रॉयफ आणि नीस्केन्स १९७४ चे. रोनाल्डो १९९६-९७ चा, बार्सिलोनातला, ४९ सामन्यांत ४७ गोल करणारा, गुडघे शाबूत असलेला. २००२ चा रोनाल्डोही अंतिम सामन्यात दोन गोल मारून गेला, पण तो हुशारीवर खेळत होता. बारेसीच्या वर सरकलेल्या बचावफळीमागे धावायला आधीचाच हवा. देसायी, राइकार्ड आणि माल्दिनी हे मिलानमधल्या ऐन भरातले.

आता संघ. याशिन, काफू, देसायी, बेकेनबाऊर, माल्दिनी, राइकार्ड, नीस्केन्स, मॅराडोना, पेले, क्रॉयफ, रोनाल्डो. कागदावर ४-२-३-१ म्हणा. मी आकड्यांना फार किंमत देत नाही, चेंडू असताना आणि नसताना कोण कुठे उभा आहे एवढंच बघतो.

बेकेनबाऊरशेजारी देसायी का, हे थोडं उलगडून सांगतो, कारण इथेच बहुतेक जण फसतात. लोक दोन सर्वांत मोठे बचावपटू उचलतात आणि शेजारी शेजारी ठेवतात. पण बेकेनबाऊर हा मोकळा स्वीपर, म्हणजे कुणा एकाला न धरता बचावात मोकळा फिरणारा. तो पुढे निघाला की मागे थांबणारा, अंगावर घेणारा स्टॉपर लागतो. बायर्नमध्ये आणि पश्चिम जर्मनीच्या संघात ते काम श्वार्झेनबेक करायचा. त्याचं नाव कुठल्या सर्वकालीन संघात येत नाही, पण बेकेनबाऊरचा डौल त्याच्याशिवाय दिसला नसता. देसायी म्हणजे ताकदीत त्याची सुधारलेली आवृत्ती. शिवाय पुस्कास डाव्या पायाचा आणि डावीकडून आत येणारा, म्हणजे तो थेट देसायीच्या बाजूला येतो. देसायीला एकच सूचना: अंगाला चिकटून राहा, डावा पाय बंद कर, उजव्याने मारू दे. हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल करणाऱ्याला पूर्ण थांबवता येणार नाही, पण दुसऱ्या पायावर ढकलता येतं. बेकेनबाऊर मोकळा राहिला तरी व्हॅन बास्टेनवर माल्दिनी आत सरकेल आणि गरज पडली तर राइकार्ड खाली उतरेल. राइकार्डने त्याच्यासोबत मिलानमध्ये हंगामामागून हंगाम काढलेत, त्याच्या हालचाली त्याला माहीत आहेत.

चेंडू आपल्याकडे आला की काफू उजव्या रेषेवर वर सुटतो, माल्दिनी सुटत नाही. मागे तीन राहतात: देसायी, बेकेनबाऊर, माल्दिनी. त्यांच्या पुढे दोन, राइकार्ड आणि नीस्केन्स. आणि आघाडीला पाच जणांची रांग: उजव्या टोकाला काफू, मग मॅराडोना, मध्ये रोनाल्डो, डाव्या मधल्या पट्ट्यात पेले, डाव्या टोकाला क्रॉयफ. आजकाल सगळे ३-२-५ म्हणतात तेच हे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलल्यावर आर्सेनलचे प्रशिक्षक चॅपमन यांनी रूढ केलेली डब्ल्यूएम (३-२-२-३) रचना याहून फार वेगळी नव्हती. बेकेनबाऊर चेंडू घेऊन पुढे निघाला की राइकार्ड त्याच्या जागी उतरतो. ही अदलाबदल न सांगता व्हायला हवी, म्हणून डावपेचात ती ठळकपणे लिहा.

क्रॉयफ डाव्या टोकाला बघून कुरकुर होईल. पण १९७४ मध्ये तो नावाला सेंटर फॉरवर्ड होता आणि सारखा डावीकडे सरकायचा. स्वीडनच्या ओल्सनला ज्या वळणाने त्याने चकवलं, ते डाव्या बगलेतच. तिथून तो सगळं मैदान समोर ठेवून खेळ चालवेल. आणि नीस्केन्स त्याच्या सवयीचा. आयाक्समध्ये, राष्ट्रीय संघात आणि पुढे बार्सिलोनात दोघे एकत्र खेळले. दिग्गजांच्या संघात ताळमेळ हीच सर्वांत दुर्मिळ वस्तू, आणि ही जोडी तुम्हाला तयार मिळालीय. (राइकार्ड मात्र १९८७ मध्ये प्रशिक्षक क्रॉयफशी भांडून आयाक्समधून निघून गेला होता. कागदावरच्या सामन्यात हे खपून जातं.)

गोल कुठून येणार? बारेसी आणि कन्नावारो यांच्या मधून घुसायचा नाद सोडा. बारेसीचे मिलानमधले प्रशिक्षक साक्की एक किस्सा सांगायचे. व्यवस्थेचं महत्त्व पटवायला त्यांनी सरावात गोलरक्षक गाली आणि तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, माल्दिनी अशा पाच जणांसमोर गुलिट, व्हॅन बास्टेनसकट दहा जण सोडले. पंधरा मिनिटं दिली, अट एवढीच की चेंडू गेला तर पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात. दहा जणांना एकही गोल करता आला नाही. त्या पाचांतला माल्दिनी तुमच्याकडे आहे, पण बारेसी पलीकडे आहे. तो रांग वर ढकलणार, हात वर करून ऑफसाइड मागणार. शेवटचा बचावपटू आणि पुढचा फॉरवर्ड यांच्यात पंचवीस-एक मीटरच अंतर राहावं, ही साक्कींची शिकवण त्याच्या अंगात मुरलेली.

पण त्याच रांगेच्या डाव्या टोकाला फाकेत्ती आहे, आणि समोरच्याच्या संघातली खरी शिवण तिथे उसवते. फाकेत्ती वाढला प्रशिक्षक हेरेराच्या इंटरमध्ये, जिथे माणूस धरून राहायचं शिक्षण होतं. बारेसीची रांग मात्र जागा धरते. दोघांच्या सवयी वेगळ्या. हे कळायला १९७० च्या अंतिम सामन्यातला चौथा गोल पुन्हा बघा. स्वतःच्या अर्ध्यात मागे येऊन चेंडू हिसकावतो टोस्टाव, म्हणजे ब्राझीलचा सेंटर फॉरवर्ड. मग क्लोडोआल्डो एकामागून एक इटालियन चुकवतो. रिव्हेलिनो डाव्या रेषेवर लांब पास देतो, आणि तिथे असतो जैरझिन्यो, जो खरा उजवा विंगर. त्याला धरून असलेला फाकेत्ती त्याच्यामागे मैदानाच्या त्या टोकापर्यंत गेलाय. जैरझिन्यो आत वळतो, पेलेला देतो. पेले चेंडू थांबवतो, उजवीकडे मान न वळवता तो मोकळ्या जागेत सोडतो, आणि फाकेत्तीने रिकाम्या केलेल्या पट्ट्यातून कार्लोस अल्बर्टो धावत येऊन खाली, कोपऱ्यात मारतो. ८६ वे मिनिट, ४-१.

तुमच्याकडे तोच पेले आहे, आणि कार्लोस अल्बर्टोच्या जागी काफू. मॅराडोनाने सामनाभर उजवीकडून आत यायचं, मध्यापर्यंत, कधी डावीकडेही. फाकेत्ती त्याच्यामागे आला तर काफूचा रस्ता उघडा. नाही आला तर मॅराडोना मथायस आणि फाल्कावच्या मागे चेंडू घेऊन वळलाय, आणि ते आणखी वाईट. शिवाय समोरच्याकडे मध्ये दोनच जण. मथायसला मॅराडोनावर सोडतील, १९८६ च्या अंतिम सामन्यात सोडला होताच. मॅराडोनाला त्या दिवशी गोल करता आला नाही, पण गराड्यातून त्याने बुरुचागाला पास दिला आणि अर्जेंटिना ३-२ जिंकली. इथे मथायस मॅराडोनाला चिकटला तर एकट्या फाल्कावला पेले, नीस्केन्स आणि पुढे आलेला बेकेनबाऊर सांभाळायचाय. डावपेचात हे आकडे मांडा: मधल्या पट्ट्यात आपले चार-पाच, त्यांचे दोन. परीक्षक मित्रांना विशेषणांपेक्षा हे पटतं.

आता चेंडू नसताना. वरूनच प्रेसिंग लावू का, याचं उत्तर नाही. सामनाभर तर नाहीच. चेंडू गेल्यानंतरचे पहिले चार-पाच सेकंद जवळच्या तिघांनी तुटून पडायचं, आणि त्यात नीस्केन्स म्होरक्या. १९७४ मध्ये हॉलंडची जी धाड पडायची तिच्या तोंडाशी बहुतेक वेळा तोच असायचा. तेवढ्यात चेंडू मिळाला नाही तर मागे या आणि मध्यरेषेपाशी उभे राहा. नीस्केन्स उजवीकडे, राइकार्ड मध्ये, क्रॉयफ डावीकडे, अशी तिघांची मधली रांग. पेलेने फाल्कावला सावलीसारखं धरायचं, कारण त्यांचा चेंडू तिथूनच बाहेर निघतो. रोनाल्डो आणि मॅराडोना पुढे उभे. त्यांना पळवू नका. ते दोघे पुढे उभे आहेत म्हणूनच बारेसी आणि कन्नावारो मागे राहतील. फाकेत्तीच्याही मनात वर जाताना पाल चुकचुकेल.

यात बगला थोड्या उघड्या राहतात, हे कबूल. थुरामच्या बाजूने राहू द्या. तो बचावात भिंत आहे, पण फ्रान्ससाठी १४२ सामन्यांत त्याचे गोल दोन. (ते दोन्ही एकाच सामन्यात, १९९८ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत, त्यामुळे अगदीच दुर्लक्ष नको.) धोका आहे हेन्तोच्या बाजूला. सहा युरोपियन कप जिंकलेला हा विंगर निव्वळ वेगावर जगायचा आणि काफूच्या मागची जागा त्याला पहिल्याच मिनिटाला दिसेल. म्हणून काफू वर असताना नीस्केन्सने मध्याच्या उजवीकडे राहायचं आणि चेंडू गेला की आधी बाहेर, हेन्तोच्या रस्त्यात जायचं. देसायी बाहेर सरकेल तेव्हा बेकेनबाऊर त्याच्या जागी. जैरझिन्योला माल्दिनी बघून घेईल, त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

वगळलेल्यांबद्दल बोलायला हवं, कारण रोष तिथेच होणार. झिदान आणि मॅराडोना एकाच वेळी नकोत. दोघांनाही चेंडू त्याच पट्ट्यात, त्याच वेळी हवा असतो. ७० व्या मिनिटानंतर आघाडीवर असाल तर मॅराडोनाच्या जागी झिदान आणा, चेंडू राखायला त्याच्यासारखा दुसरा नाही. गारिंशाला सुरुवातीपासून घ्यायचा तर क्रॉयफला झगालोचं काम करावं लागेल, आणि क्रॉयफकडून ते करून घेणं म्हणजे त्याला वाया घालवणं. पण तासभर काफूमागे धावून दमलेल्या फाकेत्तीसमोर ताजा गारिंशा, हा विचार मला फार आवडतो. त्याच्या काळात विश्वचषकात बदली खेळाडूच नव्हते. तुमच्याकडे ती सोय आहे.

रॉबर्टो कार्लोससाठी मी बराच विचार केला. २००२ मध्ये ब्राझीलचे प्रशिक्षक स्कोलारी यांनी तो आणि काफू दोघांना वर सोडलं, पण मागे तीन सेंटर बॅक आणि पुढ्यात जिल्बेर्तो सिल्वा ठेवूनच. तसा संघ तुमच्याकडूनही होतो: मागे देसायी, बेकेनबाऊर, माल्दिनी, काफू, राइकार्ड, नीस्केन्स, कार्लोस, पेले आणि मॅराडोना, पुढे रोनाल्डो. क्रॉयफ बाहेर. समोर खरे विंगर नसते तर मी हाच लावला असता. पण हेन्तो आणि जैरझिन्यो दोन्ही बगलांत असताना काफू आणि कार्लोस मागे अडकतील, पाच जणांची बचावफळी होईल आणि पुढचे तिघे एकटे पडतील. समोरच्याने ऐनवेळी रचना बदलली, विंगर काढून मध्ये तिसरा माणूस आणला, तर या रचनेकडे वळा.

मागे पडलात आणि बारेसीची रांग खाली स्वतःच्या बॉक्समध्ये जाऊन बसली तर रोनाल्डोला पळायला जागा उरणार नाही. तेव्हा गर्ड म्युलर. ६२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ६८ गोल, आणि त्यातले पुष्कळ सहा यार्डांच्या आसपास, गर्दीत, कंबर वळवून मारलेले. त्याच्यासाठी नीस्केन्सला नाही, पेले किंवा मॅराडोना यांपैकी जो दमलाय त्याला काढा.

स्थिर चेंडूंचं लवकर उरकतो. उजव्या बाजूची फ्री किक मॅराडोनाची, डाव्या बाजूची पेलेची, फार लांबची असेल तर मारूच नका, खेळा. कॉर्नरला वर देसायी आणि राइकार्ड जातील, काफू आणि माल्दिनी मागे. कर्णधार बेकेनबाऊर. पेनल्टी मात्र पेले, मॅराडोना, क्रॉयफ कुणालाही न देता नीस्केन्सला द्या. १९७४ च्या अंतिम सामन्यात, दुसऱ्याच मिनिटाला, जर्मनांनी अजून चेंडूला स्पर्शही केलेला नसताना, त्याने ती सरळ मध्ये, जोरात मारली होती.